पऱ्हे किती? : मेलच्या ढिगातून बोलीचे शब्द वेचताना

जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली ती बहुतांशी टपालाने. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना पत्रं गेली आणि प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवले गेले: एक ठरावीक उतारा, एक त्या बोलीतलीच गोष्ट किंवा निवेदन, आणि शब्दांची व छोट्या वाक्यांची २४१ नोंदींची यादी. ठरावीक उतारा कोणता, तर लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला. निवडीचं कारण व्याकरणाचं होतं. त्या एका गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामं येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, आणि वर्तमान, भूत, भविष्य असे तिन्ही काळ येतात. उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी दर तीन वर्षांनी हा दाखला आम्ही मिस्सेत ऐकतो. पुढच्या वेळी माझं लक्ष बापाकडे राहील की विभक्त्यांकडे, सांगता येत नाही.

या पाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या अभ्यासकाने तयार केला. हळबी त्यात आहे. बालाघाट-भंडारा भागातली पोवारी मात्र सहाव्या खंडात, पूर्व हिंदीच्या पोटात गेली आहे. म्हणजे एकाच बाजाराला येणाऱ्या दोन बायांची बोलणी दोन वेगळ्या पुस्तकांत बसली. एवढ्या पत्रांचा पसारा लावताना कुठेतरी रेघ ओढावीच लागते. या लेखाचा विषय ती रेघच आहे, फक्त आमचा पसारा बराच लहान आणि टपाल विजेवरचं.

आपल्या वाङ्मय मंडळाने राजेगाव आणि बाघ नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून धानशेतीचे शब्द मागवले होते, हे तुम्हाला माहीत आहे. राजेगाव बालाघाट जिल्ह्यात, मध्य प्रदेशात. पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा, महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. (गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये.) नदीच्या दोन्ही बाजूंना धान एकच, चिखल एकच, पण अलीकडच्या पोरांची शाळा मराठीत आणि पलीकडच्यांची हिंदीत. आलेल्या मेलमध्ये हा फरक ओळीओळीला दिसतो.

मेल शे-सव्वाशे असतील. हाताने उतरवून काढणं अशक्य नव्हतं. पण हाताने उतरवताना माणूस नकळत ‘शुद्ध’ करत जातो, आणि कुठे काय बदललं याची नोंद राहत नाही. स्क्रिप्टचा फायदा वेगापेक्षा हा आहे: ती जे बदलते ते तिच्यात लिहिलेलं असतं. दुसरा कुणीही ते वाचून म्हणू शकतो की अमुक नियम चुकीचा आहे. म्हणून मी पायथनमध्ये साठेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती कशी चालते ते इथे सांगते आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये. हा शेवटी पाठभेदांचाच धडा आहे.

आधी मेल संगणकावर आणायचे. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून थेट खात्यात शिरण्याचा रस्ता आहे, पण मंडळाच्या सामायिक खात्यासाठी तो मला बरा वाटला नाही. त्याऐवजी जीमेलमध्ये या मेलना एक लेबल लावलं आणि गूगल टेकआउटमधून फक्त त्या लेबलचा गठ्ठा उतरवून घेतला. तो ‘एमबॉक्स’ नावाच्या साच्यात येतो: एकच लांबलचक मजकुराची फाइल, तिच्यात एकामागे एक सगळे मेल. ही फाइल उघडायला लागणारी ‘मेलबॉक्स’ आणि ‘ईमेल’ ही दोन्ही अवजारं पायथनबरोबरच मिळतात, वेगळं काही बसवावं लागत नाही.

फाइल नुसती उघडून पाहिली तर मराठी कुठेच दिसत नाही. ई-मेलची व्यवस्था इंग्रजी अक्षरांपुरती आखलेली होती. बाकी लिप्या तिच्यातून पाठवायच्या तर त्यांना वेष पालटावा लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि बेस-६४ नावाच्या वेषात तीन बाइटची चार रोमन अक्षरं होतात. ‘राजेगाव’मध्ये र, काना, ज, मात्रा, ग, काना, व अशी सात चिन्हं, म्हणजे मेलच्या पोटात ती अठ्ठावीस अक्षरं. गंमत अशी की देवनागरीचे बाइट ठरावीक पद्धतीने सुरू होत असल्यामुळे या अगम्य मजकुरात ‘४केएस’ आणि ‘४केडब्ल्यू’ ही अक्षरं सारखी येत राहतात. चार दिवस पाहिलं की कळतं, इथे मराठी दडली आहे. (हिंदीही असू शकते. लिपी एकच.) हा वेष हाताने उतरवायची गरज नसते. मेल वाचताना ‘पॉलिसी’ या जागी ‘डिफॉल्ट’ सांगितलं की विषयओळ उलगडून येते, आणि मजकूर मागताना साधा मजकूर आधी, तो नसेल तर एचटीएमएल, असा क्रम देता येतो.

मग उत्तरांचा प्रश्न. कुणी आमच्याच मेलला उत्तर दिलं तर खाली आमचा मूळ मेल चिकटून येतो, आणि त्यात आम्ही नमुन्यादाखल दिलेले शब्दही असतात. ते गाळले नाहीत तर आपणच पाठवलेले शब्द आपल्याला बोली म्हणून परत मिळतील. कोन-चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी वगळल्या की बहुतेक भागतं.

इथवर सगळं कुठल्याही भाषेला सारखंच. खरी मजा शब्द तोडताना आहे. पायथनच्या पाठ्यपुस्तकात शब्द शोधायचं एक सोपं चिन्ह शिकवतात: उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू. ‘अक्षर, अंक किंवा अधोरेखा यांची सलग माळ’ असा त्याचा अर्थ. हे चिन्ह ‘राजेगाव’वर चालवलं तर उत्तर येतं: र, ज, ग, व. चार शब्द! काना आणि मात्रा त्याच्या लेखी अक्षरं नाहीत, तिथे शब्द तुटतो. आणि तोच पायथन ‘राजेगाव’ हे चलाचं नाव म्हणून खुशाल स्वीकारतो. म्हणजे नाव म्हणून चालेल, शब्द म्हणून नाही.

तेव्हा शब्दाची व्याख्या आपणच द्यायची. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरांचा एक पट्टा दिलेला आहे, २३०४ पासून २४३१ पर्यंत. ‘या पट्ट्यातल्या चिन्हांची सलग माळ म्हणजे शब्द’ असं सांगितलं की काना-मात्रा जागेवर येतात. पण पट्ट्यात २४०४ आणि २४०५ या घरांत दंड आणि दुहेरी दंड बसले आहेत. मराठीत आपण वाक्य टिंबाने संपवतो, म्हणून पुण्यामुंबईचा मजकूर असता तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. राजेगावकडचे मेल हिंदी शाळेत लिहायला शिकलेल्यांचे. त्यांच्या वाक्याच्या शेवटी उभा दंड असतो, तोही शब्दाला चिकटून. मग ‘रोवणी’ हा एक शब्द आणि ‘रोवणी।’ हा दुसरा. ही दोन घरं पट्ट्यातून वगळावी लागतात.

शब्द आणि अर्थ वेगळे करतानाही असंच. आम्ही ‘शब्द, आडवी रेघ, अर्थ’ असं लिहायला सांगितलं होतं. लोकांनी रेघ दिली, लांब रेघ दिली, बरोबरचं चिन्ह दिलं, ‘म्हणजे’ लिहिलं, आणि पुष्कळांनी अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग दिला. दिसायला जवळजवळ सारखाच, पण विसर्ग अक्षराचा भाग असतो. बोलीतल्या शेतीच्या शब्दांच्या शेवटी विसर्ग यायचा संभव फार कमी, म्हणून ओळीतल्या पहिल्या शब्दाच्या अंती विसर्ग आला तर तो अपूर्णविराम समजावा, असा नियम मी घातला. ‘प्रायः’सारखा शब्द या यादीत कुणी पाठवला तर त्याच्यावर अन्याय होईल. होऊ दे.

आता ज्या शब्दामुळे हा लेख लिहावासा वाटला तो: पऱ्हे. धानाची रोपं. आधी एका लहान वाफ्यात दाट पेरून पऱ्हे वाढवायचे, मग उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत रोवायचे. या भागात पावसाळ्यात हा शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो, तेव्हा आमच्या ढिगातही तो सगळ्यांत जास्त वेळा येणार हे उघड होतं. पण स्क्रिप्टला नुसती मोजणी करायला सांगितली तर तो एक शब्द म्हणून येतच नाही.

कारण तो अर्धा र. मराठीतला हा डोळ्याच्या पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे युनिकोडमध्ये तो दोन-तीन वाटांनी लिहिता येतो. एक वाट: नुक्तावाला ऱ हे एकसंध चिन्ह, पुढे हलन्त. दुसरी: साधा र आणि नुक्ता वेगवेगळे, पुढे हलन्त. तिसरी: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे ‘शून्यरुंदीचा जोडक’ नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे. आणि हा जोडक देवनागरीच्या पट्ट्यात नाही, तो दूर ८२०५ या घरात राहतो. त्यामुळे आपली शब्दाची व्याख्या तिथे तुटते आणि तिसऱ्या वाटेने लिहिलेल्या पऱ्ह्यांचे दोन तुकडे होतात: ‘पर्’ आणि ‘हे’. ‘हे’ तर मराठीतलं चोख सर्वनाम! मोजणीत हे सर्वनाम फुगतं आणि पऱ्हे घटतात, आणि कुणाला कळतही नाही.

पहिल्या दोन वाटा एक करायला युनिकोडचाच एक तयार नियम आहे, ‘एनएफसी’. तो र आणि नुक्ता जोडून एकसंध ऱ करतो. (ड़ आणि ढ़ यांचं तो उलट करतो, एकसंध चिन्ह फोडून दोन करतो. का, ते विचारू नका. निदान सगळीकडे सारखं तरी करतो.) तिसरी वाट आपण हाताने वळवायची: र, हलन्त, जोडक दिसले की ऱ आणि हलन्त ठेवायचे. आणि जोडकाला शब्दाच्या व्याख्येत घ्यायचं. एवढ्या तीन ओळींनी पऱ्हे बरेचसे एकत्र आले.

बरेचसे. चौथा प्रकार उरतो: ‘पर्हे’, म्हणजे ह वर रफार. हिंदी कीबोर्डवर टंकणाऱ्याने र, हलन्त, ह असं लिहिलं की हेच उमटतं. मनात पऱ्हेच असतं, बोटांना वाट सापडत नाही. मग रफाराचा सरसकट पापणीचा र करावा का? नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एक समुद्र आणि एक डोंगरातला. असा नियम घातला तर समुद्राच्या दऱ्या होतील. बाघ नदीकाठी दर्याचा संबंध फारसा येणार नाही हे खरं, पण नियम लिहायचा तो भाषेसाठी, एका गठ्ठ्यासाठी नव्हे. म्हणून स्क्रिप्ट असे शब्द बदलत नाही. ती त्यांना ‘विचारा’ नावाच्या वेगळ्या यादीत टाकते. तिथे माणूस बसतो.

या सगळ्या कामाचा गाभा मला इथे दिसतो. दोन मेलमध्ये एकच शब्द वेगळा दिसला की विचारायचं: हा फरक यंत्राचा की तोंडाचा? यंत्राचा असेल तर पुसून टाकायचा. तोंडाचा असेल तर त्याला हातही लावायचा नाही. जोडकाचा फरक यंत्राचा, तिथे शंका नाही. पण डोळ्याचं काय? कुणी ‘डोळा’ लिहितं, कुणी ‘डोला’, कुणी ‘डोरा’. ‘डोरा’ ही चूक नव्हे. झाडीबोलीत ळ चा र होतो, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास आयुष्यभर केला आहे, ते वाचलेल्याला ‘डोरा’ पाहून आनंदच होईल. (वऱ्हाडीत त्याचाच ‘डोया’ होतो.) ‘डोला’ मात्र दोन्ही असू शकतं. लिहिणारा खरंच ल म्हणत असेल, किंवा त्याच्या मोबाइलवरच्या हिंदी कीबोर्डवर ळ पटकन सापडला नसेल. हे मेल वाचून ठरवता येत नाही, स्क्रिप्टला तर नाहीच नाही. ऐकावं लागतं. अशा शब्दांपुढे मी ‘ध्वनिमुद्रण हवं’ अशी खूण केली आहे.

गावाच्या नावाबद्दलही हेच. मराठीत राजेगाव, हिंदीत राजेगांव. एका अनुस्वाराने संगणकापुरती दोन गावं झाली. पण तो अनुस्वार नेहमी हिंदीचाच असतो असं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ चे; त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधी शाळा शिकलेला मराठी माणूसही ‘गांव’च लिहायचा. म्हणजे ते टिंब एखाद्या तरुणाच्या हिंदी शाळेचं असेल किंवा एखाद्या आजोबांच्या जुन्या मराठी शाळेचं. म्हणून गावाच्या रकान्यात मी अनुस्वार काढते, आणि शब्दांच्या रकान्यात ठेवते.

शिवाय राजेगाव एकच नाही. दौंड तालुक्यातही एक आहे. नावावर विसंबण्यापेक्षा पिनकोड बरा. ४८१ ने सुरू झाला तर बालाघाट, ४४१ असेल तर नदीची गोंदियाकडची बाजू, ४१३ असेल तर दौंडहून कुणीतरी प्रेमाने लिहिलंय. शोधताना नुसते ‘सहा अंक’ मागू नयेत, कारण दहा अंकी मोबाइल नंबरातही सलग सहा अंक असतातच. सहा अंक, पुढेमागे अंक नको, आणि पहिला शून्य नको, एवढं सांगावं लागतं. देवनागरी अंकांची काळजी नको. पायथनला ४८१ आकड्यात कसा वाचायचा ते येतं.

मोबाइल नंबर दिसले तरी ते तक्त्यात जात नाहीत. नावं आणि मेलचे पत्तेही नाहीत. लोकांनी ते मंडळाला दिले, तक्ता वाचणाऱ्या प्रत्येकाला नव्हे. रकाने पाचच: मेलचा क्रमांक, गाव, शब्द जसा आला तसा, शब्द एकसारखा केलेला, अर्थ. ‘जसा आला तसा’ हा रकाना काटकसरीसाठी गाळावासा वाटेल, पण तो गाळला तर आपण काय पुसलं हे कुणालाच तपासता येणार नाही. (तक्ता सीएसव्हीत लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ हा प्रकार निवडा. नाहीतर एक्सेल उघडल्यावर पुन्हा सगळा कचरा दिसेल आणि तुम्ही स्क्रिप्टला शिव्या द्याल.)

दोन प्रकारचे मेल स्क्रिप्टच्या हाती लागतच नाहीत. एक, जोडलेल्या फाइलमध्ये कृतिदेव फॉन्टात टंकलेले. मध्य प्रदेशात हा फॉन्ट फार चालतो, पण तो युनिकोड नाही. रोमन अक्षरांना देवनागरी मुखवटा घातलेला असतो. मुखवटा काढला की ‘राजेगाव’च्या जागी ‘जेकेटीएसएक्सकेओ’ ही अक्षरं उरतात. त्यांना परतवणारे तक्ते मिळतात, ते मी पुढच्या टप्प्यात जोडीन. आणि रोमनमध्ये लिहिलेले मेल. त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीतच छापलं गेलं होतं. फरक एवढाच की स्टीफन्स यांची एक घडी बसवलेली पद्धत होती, आणि आमच्या मेलमध्ये एकाच ओळीत ‘पऱ्हे’ दोन स्पेलिंगनी येतात.

दुसरा प्रकार अवघड. एका मेलमध्ये यादीच नव्हती. लिहिणाऱ्याने आजीबद्दल दीड पान लिहिलं होतं: ती रोवणीला जाताना पदर कसा खोचायची, धुऱ्यावर बसून भाकर कशी खायची, पुंजण्याच्या आडोशाला लपलेल्या नातवंडांना तणसाच्या काडीने कशी टोचायची, आणि आता तिला जाऊन किती पावसाळे झाले. स्क्रिप्टने या मेलपुढे शून्य लिहिलं, कारण कुठेच ‘शब्द, रेघ, अर्थ’ असं नव्हतं. पण आमच्या सगळ्या ढिगात रोवणी, धुरा, पुंजणं, तणस हे शब्द वाक्यात चालताना दिसतात ते याच मेलमध्ये. पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाची रास, असा अर्थ पाचजणांनी पाठवला होता. तिच्याआड पोरं लपतात हे कुणी कळवलं नव्हतं. ग्रिअर्सन यांनी नुसती २४१ नोंदींची यादी न मागता त्याबरोबर बोलीतली गोष्टही का मागितली असेल, ते मला हा मेल वाचताना उमगलं.

म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी दोन ओळी वाढवल्या आहेत. ज्या मेलमधून एकही जोडी निघाली नाही, पण ज्यात शंभराहून जास्त देवनागरी शब्द आहेत, त्यांचे क्रमांक ती वेगळे छापते. असे सात निघाले. ते सातही अख्खे वाचायचे, उतरवायचे आणि लिहिणाऱ्यांची परवानगी विचारायची, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं आहे. ‘विचारा’ या यादीतल्या पर्ह्यांसाठी मी त्या त्या माणसांना मेल केले: तुम्ही हा शब्द कसा म्हणता, ते बोलून पाठवाल का? पहिलं उत्तर राजेगावहूनच आलं. चार सेकंदांची आवाजाची फाइल, मागे पंप चालू, आणि पंपाच्या आवाजावर एका बाईंनी तीनदा स्पष्ट म्हटलेलं: पऱ्हे, पऱ्हे, पऱ्हे.